6 किलोची गोठवलेली टर्की, लहान फ्रीज आणि पदेराची (पाववाल्याची) भट्टी: नाताळच्या जेवणासाठी सल्ला हवा

हळदोण्याची शेजारीण
शनिवार, 20 डिसेंबर, दुपारी 3.10

नमस्कार. आमच्या घरात टर्की कधीच शिजलेली नाही. पण शेजारच्या आंटींकडे दर नाताळाला असते, आणि यंदा ती मला करायची आहे.

आंटी 78 वर्षांच्या. नोव्हेंबरात अंगणात पाय घसरून उजवं मनगट मोडलं, प्लास्टर अजून हातावर आहे. मुलगा पाच वर्षांनी परदेशातून येतोय. बरोबर सून, तिला सहावा महिना. "हांव सांगतां, तूं कर," असं त्या म्हणाल्या. 26 वर्षं त्या घरातून आमच्याकडे नाताळाला नेवऱ्या, दोदोल आणि बेबिंका येते आणि चवथीला आमच्याकडून त्यांच्याकडे करंज्या-मोदक जातात. नाही म्हणायचा विषयच नव्हता.

टर्की 6 किलोची, दगडासारखी गोठलेली. काल शुक्रवारच्या बाजाराला म्हापशाला गेलो तेव्हा कोल्ड स्टोरेजमधून आणली. आंटी तिला अजून पोर्तुगीज नावाने 'पेरू' म्हणतात. आंटींच्या घरी फ्रीज 190 लिटरचा, एका दाराचा. त्याच्या फ्रीझरमध्ये ती मावत नाही, म्हणून वाड्यावरच्या दुकानदाराने त्याच्या आइस्क्रीमच्या डीप फ्रीझरमध्ये ठेवू दिली आहे. तिथून कधी काढायची, हा पहिला प्रश्न.

आंटींची पद्धत अशी: 23 तारखेच्या रात्री परातीत घालून ओट्यावर ठेवायची. "रातभर भायर दवर, फाल्यां मोव जातलें" (रात्रभर बाहेर ठेव, उद्या मऊ होईल). मग 24 ला विहिरीवर मीठ-लिंबू लावून धुवायची, लसूण, मिरी आणि माडाच्या सुरेचं व्हिनेगर चोळायचं, संध्याकाळी पोटात सारण भरून शिवून टाकायची, आणि रात्रीच्या मिसेहून (चर्चमधल्या प्रार्थनेहून) आल्यावर झाकून ठेवलेली ती टर्की सकाळी पदेराकडे पाठवायची. पहाटेचे पाव काढून झाले की तो ती भट्टीत ठेवतो. सारणात पाव, बटाटा, उकडलेली अंडी, मनुका, चोरिस (डुकराच्या मांसाचं सॉसेज) आणि टर्कीचंच काळीज-पोटा.

आजवर कुणाला काही झालं नाही असं त्या सांगतात आणि ते खोटं नसणार. पण पोटुशी मुलगी ते खाणार आहे आणि शिजवणारी मी आहे. माझ्या मनाला रात्रभर ओट्यावर हे पटत नाही. आंटींना न दुखावता काय बदलू? पाहुणे दिवसभर येत राहतात, टेबलावर टर्की संध्याकाळपर्यंत तशीच असते, त्याचंही सांगा.


डिचोलीकर
शनिवार, 20 डिसेंबर, दुपारी 4.25

फार काळजी करू नका. 24 ला सकाळी मोठ्या बालदीत नळाच्या पाण्यात सोडा, दुपारपर्यंत सुटेल. आम्ही कोंबडी अशीच सोडवतो. आणि व्हिनेगर चोळलं की जंतू मरतातच. आमची आजी मासळीसुद्धा व्हिनेगरात ठेवायची, तेव्हा फ्रीज कुठे होता?


फोंड्याचा आचारी
शनिवार, 20 डिसेंबर, रात्री 9.40

ताई, मी 31 वर्षं हॉटेलांच्या स्वयंपाकघरात काढली, आधी पणजीला, मग कळंगुटच्या बाजूला. दर डिसेंबरात तीस-चाळीस टर्क्या हाताखालून जायच्या. तुमचा प्रश्न वाचून जेवण आटोपलं आणि लगेच लिहायला बसलो, कारण हे आजच ठरवायला हवं.

टर्की उद्या, रविवारी सकाळी, दुकानातून काढा आणि थेट आंटींच्या फ्रीजमध्ये ठेवा. फ्रीजमध्ये बर्फ सुटायला दर दोन-सव्वादोन किलोला 24 तास लागतात. 6 किलोला जवळजवळ तीन दिवस. म्हणजे बुधवारी सकाळी तयार. सुटल्यावरही फ्रीजमध्ये एक-दोन दिवस चांगली राहते, त्यामुळे गुरुवारच्या सकाळपर्यंत चिंता नाही. सोमवारी काढली तर मात्र अडकाल. लहान फ्रीज, नाताळाचं सामान, दार दर दहा मिनिटांनी उघडणार, अशा फ्रीजमध्ये हिशेबापेक्षा जास्तच वेळ लागतो.

ठेवायची ती सगळ्यात खालच्या कप्प्यात, पिशवी न फोडता, खोल परातीत. बर्फ सुटताना लालसर पाणी गळतं. ते वरून बेबिंक्यावर किंवा सॅलडच्या भाजीवर पडलं तर टर्की कितीही नीट शिजवा, उपयोग नाही, कारण बेबिंका काही परत भट्टीत जात नाही. खालचा कप्पा मोकळा करायला लागेल. भाज्यांचा खण आणि त्यावरची काच काढून टाकली की एका दाराच्या फ्रीजमध्येही 6 किलोची टर्की बसते, मी माझ्या बहिणीकडे बसवली आहे. सोड्याच्या बाटल्या बाहेर काढा, त्या बर्फाच्या बालदीत राहू देत. फ्रीज 4 अंश सेल्सिअस किंवा त्याखाली आहे ना हे पाहायला एक साधा थर्मामीटर आत टांगा.

ओट्यावर का नको, ते आंटींना असं सांगून बघा. 6 किलोच्या गोळ्याचा आतला बर्फ सुटायला रात्र पुरत नाही, पण वरची कातडी आणि छातीचा भाग चार-पाच तासांत स्वयंपाकघराइतका गरम होतो. आत दगड आणि बाहेर कोमट. 4 ते 60 अंशांच्या मध्ये जंतू वाढतात, आणि नियम आहे की या पट्ट्यात कच्चं किंवा शिजवलेलं मांस दोन तासांवर राहू नये. हवा 32 अंशांच्या वर असेल तर एकच तास. आपल्याकडे डिसेंबरातल्या दुपारीही पारा 32 च्या आसपास असतो. थंडीचा महिना म्हणून सूट मिळत नाही.

आणि एक विचारा त्यांना. पूर्वी टर्की घरी पाळायच्या ना? तेव्हा 24 ला मारून दुसऱ्या सकाळी भट्टीत जायची. बर्फ सोडवायचा प्रसंगच नव्हता. ही रात्रभर बाहेर ठेवायची रीत जुनी नाही, गोठवलेली टर्की आल्यानंतरची आहे. माझ्या अनुभवात जुनी माणसं हे ऐकतात, कारण त्यांची मूळ रीत चुकीची ठरत नाही.

डिचोलीकरांच्या बालदीबद्दल. थंड पाण्यात सोडवता येते, तीही मान्य पद्धत आहे, पण तिच्या अटी आहेत. पिशवी अजिबात गळकी नको, पाणी दर अर्ध्या तासाने बदलायचं, आणि पाणी खरोखर थंड हवं. अर्ध्या किलोला साधारण अर्धा तास धरला तर 6 किलोला साडेसहा तास, म्हणजे तेरा वेळा पाणी बदलणं. परदेशातल्या नळाला हिवाळ्यात गार पाणी येतं, आपल्या गच्चीवरच्या टाकीतलं दुपारी कोमट असतं. इथे ही पद्धत करायची तर प्रत्येक पाण्यात बर्फ टाकावा लागतो. शिवाय अशी सोडवलेली टर्की लगेच शिजवायची, पुन्हा फ्रीजमध्ये ठेवून दुसऱ्या दिवसाची वाट पाहायची नाही. ही पद्धत फक्त अडीअडचणीला ठेवा: बुधवारी संध्याकाळी पोटात हात घालून बर्फ लागला तर गुरुवारी पहाटे तासभर बर्फाच्या पाण्यात.

पोटात हात घालाच. काळीज-पोटा आणि मान बहुधा छोट्या पिशवीत घालून पोटाच्या नाहीतर मानेच्या पोकळीत ठेवलेली असते. नवीन मुलं ती पिशवीसकट भाजतात.

व्हिनेगराने चव येते, मांस थोडं मऊ होतं. पण ते वरवर राहतं, आतल्या जंतूंना ते मारत नाही आणि बाहेरच्यांनाही भरवशाने नाही. तेव्हा मसाला चोळल्यावरही फ्रीजमध्येच. टर्कीच्या वेष्टणावर मिठाचं पाणी टोचल्याचं लिहिलं असेल तर मीठ निम्मं करा.

आता भट्टी. पदेराची लाकडाची भट्टी पाव काढल्यावर चांगली तापलेली असते, पण निवत जाते. त्यात त्या सकाळी वाड्यावरच्या पाच-सहा घरांच्या टर्क्या आणि डुकराची पिल्लं एकदम आत, दार सारखं उघडणार. टर्की भाजताना उष्णता 163 अंशांखाली जाऊ नये. ओव्हनमध्ये तेवढ्या उष्णतेला 6 किलोची, सारण न भरलेली टर्की तीन ते पावणेचार तास घेते. भट्टीचं घड्याळ कुणालाच सांगता येत नाही. म्हणून पदेराला आधी भेटून बोला, निवायला लागली तर चार लाकडं सरकवायला सांगा, आणि मांसात खुपसायचा थर्मामीटर विकत घेऊन स्वतः भट्टीवर जा. पाचशे-सातशे रुपयांत मिळतो. मांडीच्या आतल्या बाजूला, पंखाच्या आतल्या सांध्याशी आणि छातीच्या सगळ्यात जाड भागात, टोक हाडाला न लागता. तिन्ही ठिकाणी 74 अंश झाले की शिजली. एका ठिकाणी कमी असेल तर परत आत.

रंगावर जाऊ नका, कातडीच्या तर मुळीच नाही. 1998 च्या नाताळात मी एका मोठ्या टेबलाला टर्की पाठवली, कातडी अशी तांबूस की वेटरही थांबून बघत होता. मांडी कापली तर सांध्यात गार रक्त. पोकळीत बर्फ राहिला होता आणि मी हात घालून पाहिलं नव्हतं. टेबलावर एक आजी आणि दोन लहान मुलं होती. कुणी खाण्याआधी दिसलं हे माझं नशीब. त्या दिवसापासून निवृत्त होईपर्यंत थर्मामीटर माझ्या खिशात होता. उलटंही होतं, 74 च्या वर गेलेली टर्कीसुद्धा हाडाजवळ गुलाबी दिसू शकते, ती टाकायची नसते.

भाजून आल्यावर वीस मिनिटं झाकून ठेवा, मग कापा. रस आत मुरतो.


सूक्ष्मजीवांची बाई
रविवार, 21 डिसेंबर, सकाळी 10.15

मी मडगावला सूक्ष्मजीवशास्त्र शिकवते. आचारी दादांनी जे लिहिलंय त्यात खोडायला काही नाही. राहिलेल्या तीन गोष्टींवर लिहिते: धुणं, सारण आणि उरलेलं.

धुणं हा आपल्या सगळ्यांच्या हाताचा भाग आहे. मांस न धुता शिजवणं म्हणजे घाण, असं मलाही घरी शिकवलं होतं. पण कच्च्या पक्ष्यावर साल्मोनेला आणि कॅम्पायलोबॅक्टर असू शकतात, आणि पाण्याने ते जात नाहीत, शिंतोड्यांबरोबर पसरतात. ओट्यावर, नळावर, शेजारी चिरून ठेवलेल्या काकडीवर, तुमच्या गाऊनवर. 74 अंशांना ते मरतात. काकडीवर उडालेले मरत नाहीत. म्हणून टर्की धुवू नका, कागदी रुमालाने कोरडी टिपा, रुमाल फेकून द्या, हात साबणाने 20 सेकंद धुवा. आंटींना विहिरीवरच धुतलेली हवी असेल आणि त्यावरून वाद होणार असेल, तर निदान विहिरीकाठी पाण्याची धार जोरात नको, घागर-कळशी दूर, आणि नंतर ती जागा, परात, सुरी साबण लावून घासून काढा. पण माझा सल्ला न धुण्याचाच.

सारण. आंटींच्या पद्धतीत मला सगळ्यात भीती याचीच वाटते, ओट्यापेक्षाही. भिजलेला पाव, अंडी, कच्च्या पोकळीतला रस, आणि ते शिवून बंद करून रात्रभर. सारण पोटाच्या मध्यभागी असतं, तिथे उष्णता सगळ्यात शेवटी पोचते. मांडी 74 ला पोचली तरी सारणाचा मध्य त्याहून बराच कमी असू शकतो. सारण वेगळ्या भांड्यात भाजा. भरायचंच असेल तर भट्टीत जाण्याच्या क्षणी, सैल, आणि बाहेर काढताना सारणाच्या मध्यातही थर्मामीटर घालून 74 पाहा. पोकळीत त्याऐवजी दोन कांदे, लिंबू, लसणाचा गड्डा आणि तमालपत्र घाला, वासाला कमी पडत नाही.

उरलेलं. आपल्याकडे समज असा की एकदा शिजलं म्हणजे निर्धास्त. क्लॉस्ट्रिडियम परफ्रिंजन्स नावाचा जंतू बीजाणू करतो आणि बीजाणू शिजवण्यातूनही वाचतात. मांस हळूहळू निवत असतं तेव्हा, साधारण 43 ते 47 अंशांच्या आसपास, त्याची संख्या दहा-बारा मिनिटांत दुप्पट होते. मोठं भांडं, मोठा तुकडा, हळू निवणं, हे त्याला सगळं आवडतं. आमच्याच घरी, भाच्याच्या मुंजीनंतर दोन दिवसांनी, मटणाचं मोठं टोप रात्रभर चुलीवर झाकून राहिलं. कुणीतरी सकाळी उकळी काढली आणि वाढलं. दुपारनंतर आमच्यापैकी अकरा जण पोट धरून बसले. नुसती उकळी दिसली की आपल्याला वाटतं झालं. आणि हातावरच्या स्टॅफिलोकॉकसचं विष तर उकळूनही जात नाही, एकदा अन्नात तयार झालं की राहिलंच. तेव्हा आंटींच्या प्लास्टरच्या हाताने किंवा बोटावर जखम असलेल्या कुणीही टर्की कापायची नाही. त्यांनी खुर्चीत बसून सांगावं, तुम्ही कापा.

टेबलावर सबंध टर्की संध्याकाळपर्यंत ठेवू नका. पाहुण्यांना दिसली, फोटो झाला, की पाऊण तासात मांस हाडांवरून सोडवा, बोटाएवढ्या तुकड्यांत, आणि दोन इंचांहून उथळ डब्यांत पसरून फ्रीजमध्ये. वाफ जायची वाट बघू नका, कोमट असतानाच ठेवलेलं चालतं. नंतर येणाऱ्यांना बशीत थोडं थोडं काढून द्या. फ्रीजमध्ये तीन-चार दिवस, फ्रीझरमध्ये दोन ते सहा महिने चव टिकते. गरम करताना पुन्हा 74 अंश, आमटी-रस्सा असेल तर खळखळ उकळी.

गरोदर मुलीला सगळंच वाफाळतं द्या. फ्रीजमधला गार तुकडा सँडविचमध्ये नको.


डिचोलीकर
रविवार, 21 डिसेंबर, दुपारी 1.05

टाकीच्या पाण्याचा विचार मी केलाच नव्हता. आत्ता छतावर जाऊन हात घालून आलो, खरंच कोमट आहे. माझा सल्ला मागे घेतो. ताई, बालदी नको.


हळदोण्याची शेजारीण
बुधवार, 24 डिसेंबर, सकाळी 7.20

आचारी दादा, तातडीचं आहे. रविवारी सकाळी साडेआठला टर्की फ्रीजमध्ये ठेवली, खालची काच काढून बसली. आंटींना 'पूर्वी घरची टर्की 24 ला मारायचा ना' असं विचारलं तर त्या थोडा वेळ गप्प राहिल्या आणि म्हणाल्या, "व्हय गो, तेन्ना बर्फ खंय आशिल्लें" (हो गं, तेव्हा बर्फ कुठे होता). मग त्यांनीच फ्रीजमधल्या सोड्याच्या बाटल्या काढायला लावल्या.

पण काल रात्री वीज गेली. साडेअकराला गेली, पहाटे तीनला आली, साडेतीन तास. आम्ही दार उघडलं नाही. आत्ता उघडलं तर थर्मामीटर 5 दाखवतोय. टर्की वरून मऊ आहे, पोटात अजून बर्फाचा पातळ थर हाताला लागतोय. टाकायची का?


फोंड्याचा आचारी
बुधवार, 24 डिसेंबर, सकाळी 7.45

टाकू नका. दार बंद राहिलं तर फ्रीज चार तास निभावतो, आणि तुमच्या फ्रीजमध्ये तर सहा किलोचा अर्धा बर्फच होता, त्यानेच आतलं गार ठेवलं. वीज येऊन चार तास झाले तरी 5 आहे म्हणजे सामान जास्त आहे, आत हवा फिरत नाही. बटण एक घर वर करा, जॅमच्या बाटल्या बाहेर काढा, 4 च्या खाली येईल. पोटातला थर रात्रीपर्यंत सुटेल.

बाकीचं मात्र तपासा. फ्रीजमधल्या दुधाचा वास घेऊन ठरवू नका, वासावरून कळत नाही. दार बंद होतं, वेळ चार तासांच्या आत होती, म्हणून चालेल. पाच तास गेली असती तर मी वेगळं सांगितलं असतं.


हळदोण्याची शेजारीण
शुक्रवार, 26 डिसेंबर, सकाळी 11.30

सगळ्यांना सांगायलाच हवं.

बुधवारी संध्याकाळी पोटातून काळीज-पोट्याची पिशवी निघाली, बर्फ नव्हता. टिपून कोरडी केली. धुण्यावरून आंटी थोड्या रुसल्या होत्या. सुनेने सांगितलं की तिच्या दवाखान्यातही हेच सांगतात, तेव्हा मान्य केलं. मसाला आंटींनी डाव्या हाताने चमच्याने मोजून दिला, चोळला मी. वेष्टणावर मिठाच्या पाण्याचं लिहिलेलं होतं, म्हणून मीठ निम्मं. टर्की झाकून परत फ्रीजमध्ये, मग त्या मिसेला गेल्या.

सकाळी सव्वाआठला पदेराकडे. त्याला थर्मामीटर दाखवला तेव्हा तो आधी नाराज झाला, त्याचे वडीलही याच भट्टीत टर्क्या भाजायचे. मी म्हटलं, तुमच्या भट्टीवर माझा विश्वास आहे, टर्कीवर नाही, मी पहिल्यांदा करतेय. मग त्यानेच स्टूल दिलं बसायला. भट्टीत सात घरांचं सामान होतं. दादा म्हणाले होते तसंच झालं, साडेदहाच्या सुमारास दार उघडझाक फार झाली आणि भट्टी निवत गेली. पावणेबाराला बाहेर काढली तेव्हा कातडी सुरेख तांबूस, पदेर म्हणाला झाली. छाती 75, पण मांडीच्या आत 66. तिथेच दोघांनी तो आकडा बघितला. त्याने काही न बोलता लाकडं सरकवली, छातीवर फॉइल घातली आणि टर्की तोंडाशी फिरवून ठेवली. साडेबाराला मांडी 76, पंख 77. त्यानंतर त्याने माझा थर्मामीटर मागून घेतला आणि भट्टीतल्या बाकीच्या टर्क्यांनाही खुपसून पाहिला. त्यातल्या दोन त्याने परत आत ढकलल्या.

सारण वेगळ्या थाळीत भाजलं, मधोमध 80 होतं. वरून खरपूस झालं, आंटींच्या मुलाने तेच दोनदा घेतलं. 1 वाजून 10 मिनिटांनी जेवायला बसलो. आंटींनी सुरी माझ्या हातात दिली आणि कुठून कापायचं ते खुर्चीतून सांगत राहिल्या: आधी मांडी सांध्यातून, मग छाती आडवी. दोन वाजायच्या आत मांस हाडांवरून सुटून चार उथळ डब्यांत गेलं. चारला भाटापलीकडची (बागायतीपलीकडची) मंडळी आली, त्यांना तव्यावर परतून, वाफ येईपर्यंत गरम करून दिलं. सगळ्यांची पोटं आज सकाळपर्यंत ठीक आहेत, सुनेचंही विचारलं.

आज हाडांचं सूप लावलंय, आणि एका डब्याची शाकुती करायची आहे, खोबरं भाजून झालं. राहिला एक प्रश्न. मुलगा-सून 2 जानेवारीला निघणार, त्याआधी 1 ला रात्री पुन्हा एकदा टर्की हवी म्हणतात. साधारण 800 ग्रॅम मांस आहे. तोपर्यंत फ्रीजमध्ये चालेल का?


सूक्ष्मजीवांची बाई
शुक्रवार, 26 डिसेंबर, दुपारी 12.05

नाही, 1 तारखेला आठवा दिवस पडतो. आजच फ्रीझरमध्ये टाका. त्या 800 ग्रॅम मांसाच्या मिळून दोन चपट्या पिशव्या करा, हवा दाबून काढा, वर तारीख लिहा, त्या फ्रीझरमध्ये मावतील. 31 ला सकाळी खालच्या कप्प्यात उतरवा, 1 ला संध्याकाळपर्यंत सुटेल. सूपही गाळून लहान भांड्यांत बर्फाच्या पाण्यात ठेवून लवकर निववा, टोपासकट ओट्यावर नको.


फोंड्याचा आचारी
शुक्रवार, 26 डिसेंबर, दुपारी 12.40

मांसावर गोठवण्याआधी थोडं सूप ओता, कोरडं पडणार नाही. शाकुतीत तुकडे शेवटी घाला, मसाला शिजून तेल सुटल्यावर, आणि मग एक चांगली उकळी. आधीपासून घातले तर छातीचं मांस दोऱ्या-दोऱ्या होतं.

पदेराने बाकीच्या टर्क्या तपासल्या हे वाचून मी बायकोला हाक मारून वाचून दाखवलं.